‘मॉस्को अश्रूंवर विश्वास ठेवत नाही’मधली कातेरिना एवढी कर्तबगार असून गोशासारख्या माणसापुढे नमतं का घेते?

तुम्ही विचारलंय की एकटीने मुलगी वाढवणारी, मोठा कारखाना चालवणारी बाई ‘निर्णय मीच घेणार, कारण मी पुरुष आहे’ असं तोंडावर सांगणाऱ्या फिटरसाठी आठ दिवस झुरते, तर या सोव्हिएत चित्रपटाला स्वतंत्र स्त्रीचा चित्रपट कसं म्हणायचं? ते वाक्य मलाही दर वेळी टोचतं. त्याची वकिली मी करणार नाही. पण मीही माझी मुलगी एकटीने वाढवली आहे आणि कातेरिनाचं रडणं मला कधी खोटं वाटलं नाही. तिच्याकडे स्वातंत्र्याची वानवा कधीच नव्हती, ते विशीतच तिच्या गळ्यात येऊन पडलं होतं. वानवा होती ती भार वाटून घेणाऱ्या माणसाची.

गोष्ट 1958 मध्ये सुरू होते. उच्च शिक्षण संस्थेच्या प्रवेश परीक्षेत थोडक्यात हुकलेली कातेरिना कारखान्यात कामाला लागते, कामगार मुलींच्या वसतिगृहात राहते. ल्युद्मिला या मैत्रिणीच्या नादाने प्रोफेसरची मुलगी असल्याचं सोंग घेते आणि रुडॉल्फ नावाच्या टीव्ही कॅमेरामनच्या प्रेमात पडते. खरं काय ते त्याला कळतं, तेही तो चित्रीकरणासाठी तिच्याच कारखान्यात येतो तेव्हा. तिला दिवस गेलेले असतात. तो हात झटकून मोकळा होतो.

इथवरची कथा आपण आपल्याकडेही पाहिलेली आहे. वेगळा आहे तो तिथला कायदा, आणि तो माहीत नसला तर अर्धा चित्रपट निसटतो. महायुद्धात कोट्यवधी माणसं मेली, त्यात तरुण पुरुष फार. जुलै 1944 मध्ये सोव्हिएत सरकारने फर्मान काढलं: लग्नाशिवाय मूल झालं तर पितृत्व ठरवून घ्यायला आईला कोर्टात जाता येणार नाही, पोटगीही मागता येणार नाही. मूल आईचं आडनाव लावणार, जन्मदाखल्यावर बापाच्या रकान्यात आडवी रेघ. त्या बदल्यात एकट्या आईला सरकारी भत्ता. लोकसंख्या वाढायला हवी होती आणि त्याची किंमत बायकांनी मोजायची होती. 1968 च्या कुटुंब कायद्याने हे बदललं, तोवर कातेरिनाची मुलगी शाळेत जाऊ लागलेली. म्हणजे बुलेवारवरच्या बाकावर बसून रुडॉल्फ अंग काढून घेतो, तेव्हा तो नियमाबाहेरचं काहीच करत नाही. सरकारनेच त्याला मोकळीक दिलेली आहे. कातेरिना रुडॉल्फला पुन्हा का गाठत नाही, कोर्टात का जात नाही, असं चित्रपटात कुणी विचारतही नाही. तिथल्या प्रेक्षकाला उत्तर घरोघरी ठाऊक होतं.

पहिल्या भागाच्या शेवटी तान्ह्या मुलीला निजवून ती अभ्यास आटोपते, घड्याळाला गजर लावते आणि अंथरुणात हुंदके देते. गजर वाजतो तेव्हा वीस वर्षं उलटलेली असतात. ती कारखान्याची डायरेक्टर आहे, नीटनेटका फ्लॅट आहे, स्वतःची मोटार स्वतः चालवत कामाला जाते. वीस वर्षांच्या या उडीचं सगळे कौतुक करतात, पण माझी या चित्रपटावर खरी तक्रार असेल तर ती इथेच आहे. पाळणाघर कोणतं मिळालं? मूल तापाने फणफणलं असताना कारखान्यातली पाळी कुणी सांभाळली? परीक्षा कशी दिली? समाजवादाने बाईला शिक्षण दिलं, नोकरी दिली, पदही दिलं, हे खोटं नव्हे. पण कारखान्यातली पाळी संपल्यावर रांगा, स्वयंपाक, धुणं ही दुसरी पाळी तिचीच राहिली. चित्रपटाने ती वीस वर्षं एका गजरात उडवून लावली, आणि मला तीच बघायची होती.

तरी दिग्दर्शक व्लादिमीर मेन्शोव्ह आणि लेखक वालेन्तिन चेर्निख यांना त्या वर्षांचा शीण पक्का ठाऊक आहे. चाळिशीच्या कातेरिनाचं एका विवाहित माणसाशी जमलेलं आहे. त्याच्या घरी दोघं असताना त्याची सासू दारात उभी राहते आणि त्याची जी त्रेधा उडते, ती पाहून कातेरिना तिथून कायमची निघते. पुढे मॉस्को सोव्हिएतची, म्हणजे नगर परिषदेची, प्रतिनिधी म्हणून ती एकट्या लोकांच्या ओळखी जुळवणाऱ्या क्लबला भेट देते. संचालिका तळमळीने अडचणी सांगते आणि कातेरिना सरकारी चेहऱ्याने ऐकून घेते. प्रश्न तिचा स्वतःचाच आहे, पण खुर्चीवर बसून तो कबूल कसा करणार?

आता गोशा. उपनगरी लोकलमध्ये तो समोर येऊन बसतो. बूट चिखलाने माखलेले, तिची नजर त्यांच्यावर जाते, आणि तो स्वतःहून म्हणतो की घाणेरडे बूट मलाही सहन होत नाहीत. लगोलग तो तिच्या घरी येतो, स्वयंपाकघराचा ताबा घेतो आणि दमून आलेल्या बाईला आराम करायला लावतो. हा प्रसंग पुन्हा पाहा. कातेरिना झालेल्या वेरा अलेन्तोव्हाचा चेहरा पाहा. आपल्या घरात आपल्यासाठी दुसरं कुणी कांदा चिरतंय याची तिला सवयच नाही, हात कुठे ठेवावेत तेसुद्धा तिला कळत नाही. कातेरिना तिथेच हरते. ‘मी पुरुष आहे’ या दर्पोक्तीचा नंबर नंतर लागतो.

आणि ती दर्पोक्ती ऐकूनही ती गप्प बसते, आपलं पद लपवते. बायकोचा पगार नवऱ्यापेक्षा जास्त नसावा अशा मताच्या माणसाला गमावण्याची भीती तिला वाटते. पद मिळवायला तिने पंधरा-वीस वर्षं घातली आणि आता तेच तिला चोरीच्या मालासारखं दडवावं लागतं. चित्रपट याला गोड मानतो, मला ते क्रूर वाटतं. इथे तुमचं-माझं एकमत आहे. जुना रुडॉल्फ, आता नाव बदलून रोदिओन झालेला, सगळं फोडतो आणि गोशा अपमान झाल्यासारखा निघून जातो. मग दुसऱ्या एका मैत्रिणीचा नवरा निकोलाय त्याला शोधायला निघतो, तर कातेरिनाकडे आडनावसुद्धा नाही. गिओर्गी इवानोविच आणि त्याच नावाची घरगुती रूपं, गोशा, गोगा, झोरा, एवढ्या भांडवलावर शोध. तिनेच काही लपवलं असं नाही, त्यानेही स्वतःबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. शेवटी तो टेबलाशी बसून सूप पितो, ती म्हणते, किती शोधलं तुला. तो म्हणतो, आठ दिवस. ती तेच वाक्य पुन्हा म्हणते. ते रडणं मला त्या आठ दिवसांचं वाटत नाही. 1958 पासूनचं आहे ते.

1980 मध्ये सोव्हिएत संघात आठ कोटींहून जास्त तिकिटं खपली, पुढच्या वर्षी परदेशी भाषेतल्या चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, जपानचे कुरोसावा आणि फ्रान्सचे त्रुफो या नामवंत दिग्दर्शकांचे चित्रपट स्पर्धेत असताना. मेन्शोव्हना ते घ्यायला देशाबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

शेवट तुम्हाला पटवून द्यायचा माझा हट्ट नाही. पण याच विषयावर वेगळा शेवट पाहायचा असेल तर पूर्व जर्मनीतल्या डेफा स्टुडिओचा 1972 चा ‘डेर ड्रिटे’, म्हणजे ‘तिसरा’, शोधा. दिग्दर्शक एगोन ग्युंथर, नायिका युट्टा होफमान. दोन वेगवेगळ्या पुरुषांपासून दोन मुली असलेली मार्गित गणितातली जाणकार आहे, आणि तिसरा पुरुष ती स्वतः निवडते, स्वतः हेरते, स्वतः त्याच्याकडे जाते. आधी कातेरिना पाहून झालीच आहे तुमची, तर आता मार्गित पाहा आणि कोण जास्त पटली ते इथे नक्की लिहा.