आपल्या कंपन्यांचे मिक्सर-पंखे पूर्वीसारखे का टिकत नाहीत?

तुम्ही विचारलंय की आईचा मिक्सर वीस वर्षं चालला आणि त्याच कंपनीचा नवा दोन वर्षांत जळाला, तर चायना मालामुळे आपला माल बिघडला का. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, जळालेलं सगळं माझ्याकडेच येतं, त्यामुळे उघडल्यावर जे दिसतं ते सांगतो.

चायना कारण आहे, पण अर्धंच. 1 एप्रिल 2001 ला सरकारने शेवटच्या 715 वस्तूंवरची आयातीची बंधनं उठवली, त्याच डिसेंबरात चीन डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत गेला, आणि मग स्वस्त माल इतका आला की दुकानातला भाव तोच ठरवायला लागला. आता त्या भावात बसायचं तर खर्च कुठे कापणार? बॉडी चकचकीत लागते, जार तीन लागतात, खोक्यावर 750 वॅट लागतं. मग गिऱ्हाईकाला दिसत नाही तिथे कात्री, म्हणजे वाइंडिंगला, मोटरमधल्या तारेच्या गुंडाळीला. तांब्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियम.

अ‍ॅल्युमिनियम वाईटच असं नाही हां, विजेच्या मोठ्या लाइनी त्याच्याच असतात. पण वीज वाहून न्यायची त्याची ताकद तांब्याच्या साधारण 61 टक्के, म्हणजे तेवढ्याच कामाला तार जाड हवी, जाड तारेला जागा जास्त हवी, जागा वाढवली की स्टॅम्पिंग, म्हणजे मोटरचा पत्र्यांचा लोखंडी गाभा, मोठं होतं आणि वाचवलेले पैसे तिकडे जातात. म्हणून जागा तीच ठेवून कशीबशी तार बसवतात, मोटर तापते, आणि आपल्याकडे इडलीचं पीठ, सुक्या खोबऱ्याचं वाटण असलं जड काम पडलं की वास सुटतो आणि कॉइल गेली. जोडही धड राहत नाही, अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर लगेच चढतो, साधं सोल्डर धरतच नाही. वर तारेचं इनॅमल, म्हणजे तिच्यावरचा लेप, तांबूस रंगाचं, ब्लेडने खरवडलं की खाली पांढरं निघतं!

पण जुनं तेच सोनं म्हणणारेही मला पटत नाहीत. जुने पंखे दणकट होते खरे, पण 75-80 वॅट खायचे, आता बीएलडीसी पंखा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या बिनब्रशच्या डीसी मोटरचा, 28 ते 35 वॅटमध्ये तेवढीच हवा देतो आणि 2023 पासून तर छताच्या पंख्यांना वीजबचतीचं स्टार लेबल सक्तीचं झालंय. बीएलडीसीचं दुखणं वेगळं, त्यात मोटरच्या आधी आतला बोर्ड जातो आणि तो सुटा मिळता मिळत नाही.

मिक्सर घेताना नुसते वॅट बघू नका. हातात उचलून वजन बघा, वॉरंटी मोटरवर किती वर्षं आहे ते वेगळं विचारा, आणि दुकानदार 'कॉपर मोटर' म्हणाला तर '100 टक्के कॉपर' असं बिलावर लिहून द्या म्हणा. बरेच जण तिथेच दुसरं मॉडेल काढून दाखवतात.