हळदीच्या कंटेनरला (सी) कलमांचा स्वस्त विमा पुरेल का?

जुलैत वसमतहून हळकुंडांचा कंटेनर न्हावाशेवामार्गे दुबईच्या जेबेल अली बंदराला जाणार, सौदा सीआयएफ (बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा विकणाऱ्याकडे), आणि दलाल म्हणतो (सी) कलमांचा विमा बास, म्हणजे सागरी मालविम्याच्या (ए), (बी), (सी) या तीन ठरावीक संचांतला सर्वांत कमी संरक्षणाचा. घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

घेऊ नका. इन्कोटर्म्स २०२० (आंतरराष्ट्रीय सौद्यांचे ठरलेले नियम) प्रमाणे सीआयएफला किमान (सी) आणि किमतीच्या ११० टक्के रक्कम एवढंच बंधन आहे, त्यामुळे दलाल खोटं बोलत नाही. पण (सी)त आग, जहाज बुडणं, रुतणं, टक्कर, ट्रक उलटणं अशी मोठी संकटंच येतात. लाटेनं डेकवरचा कंटेनर नेला किंवा आत समुद्राचं पाणी शिरलं तर (बी) लागतं. पत्र्याच्या भोकातून पाऊस गळला, पोती चोरीला गेली तर (ए)च. युद्ध आणि संप (ए)तही नसतात. जेबेल अली होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत, तणावाच्या भागात आहे, म्हणून युद्ध-संपाची कलमं वेगळी जोडून घ्याच.

हळदीला खरी भीती घामाची. दिवसा कंटेनर तापला की मालातला ओलावा हवेत येतो. रात्री छताचा पत्रा गार पडतो, थेंब धरतात, वरच्या पोत्यांवर ठिबकतात आणि बुरशी लागते. हा ओलावा मालातलाच निघाला तर (ए) असूनही पैसे मिळत नाहीत. कलकत्त्याहून रॉटरडॅमला गेलेल्या चामडी हातमोज्यांच्या खटल्यात (नोटेन विरुद्ध हार्डिंग, १९९०) नेमकं हेच झालं: पाणी छतावरून ठिबकलं, पण ओलावा मोज्यांचा होता, म्हणून तो अंगभूत दोष ठरला. आपल्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यातही हा दोष वगळलेला आहे.

तेव्हा ओलावा १० टक्क्यांच्या आत आणा आणि भरणीच्याच लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल ठेवा. पाऊस चालू असताना भरू नका, ओले लाकडी पॅलेट तर मुळीच नकोत. रिकाम्या कंटेनरमध्ये माणूस उभा करून दारं लावा. कुठून उजेड दिसला तर कंटेनर परत करा. भिंतींना आणि छताला क्राफ्ट कागद, कडेला ओलावा शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या. प्रत्येक टप्प्याचा तारखेसह फोटो.

पॉलिसी पाठीमागे सही करून खरेदीदाराला द्यायची, कारण तिकडे दावा तोच करणार. त्याला आधीच सांगून ठेवा: पोती भिजलेली दिसली तर पोचपावतीवर तसा शेरा, ३ दिवसांत जहाज कंपनीला लेखी नोटीस, आणि पॉलिसीत दिलेल्या सर्व्हेअरला (नुकसान तपासणाऱ्याला) बोलावल्याशिवाय माल हलवायचा नाही. सर्व्हेअर सिल्व्हर नायट्रेट टाकून बघतो. पांढरा साका आला तर पाणी खारं, म्हणजे समुद्राचं, मालाच्या घामाचं नव्हे.