मैदानात पडून मुलाच्या कपाळाला टेंगूळ आलंय, स्कॅन करावा का?

तुमचा चार वर्षांचा मुलगा घसरगुंडीच्या शिडीवरून पडला, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं, लगेच रडला आणि आता खेळतोय. तरी घरचे म्हणतायत की स्कॅन करा आणि रात्रभर झोपू देऊ नका. मी लहान मुलांच्या तातडीच्या विभागात परिचारिका आहे, ही घालमेल तिथे नेहमी बघते.

टेंगळाच्या आकाराने घाबरू नका. कपाळाच्या कातडीखाली लगेच हाड असतं आणि तिथे रक्तवाहिन्या भरपूर, त्यामुळे सूज पटकन दिसते. खोक पडली तर रक्तही भळाभळा येतं. स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा, मधेमधे उचलून बघू नका. थांबलं नाही किंवा जखमेच्या कडा उघड्या राहिल्या तर टाके लागतील.

बघायचं ते मुलाच्या वागण्याकडे. शुद्ध हरपली, पुन्हा पुन्हा उलट्या, आकडी, डोकेदुखी वाढत जाणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं: यातलं एकही असेल तर उत्तरं वाचत बसू नका, रुग्णालय गाठा. झोपेच्या वेळी झोपला तर झोपू द्या. हलवूनही नीट जागा होत नसेल तर मात्र लगेच निघा. असं लक्ष एक-दोन दिवस ठेवायचं.

सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांचा मारा असतो, म्हणून डॉक्टर तो सरसकट करत नाहीत. किती उंचीवरून पडला हे मात्र ते नक्की विचारतील. दोन वर्षांवरच्या मुलांत साधारण 5 फुटांपेक्षा आणि त्याहून लहानांत 3 फुटांपेक्षा जास्त उंची गंभीर धरतात. तान्ह्या बाळांत कपाळापेक्षा डोक्याच्या बाजूचं किंवा मागचं मऊ टेंगूळ जास्त काळजीचं.

तोंडावर आपटलं तर दात मोजा. पक्का दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता उचला, मळला असेल तर पाण्याने हलकेच धुवा, जागेवर बसवा. जमलं नाही तर दुधात टाकून दंतवैद्याकडे पळा, अर्ध्या तासात पोचलात तर उत्तम. दुधाचा दात परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. नाकावर मार लागून आतून दोन्ही बाजूंनी चोंदलं असेल तर त्याच दिवशी दाखवा. आतल्या पडद्यात रक्त साठलं तर नाक कायमचं बसू शकतं.

मुलाचं मैदानावर खेळायला जाणं बंद करावं का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मत: नाही, पण खाली काय आहे ते आधी बघा. सिमेंट आणि फरशी तर वाईटच, पण कडक झालेली माती किंवा तुडवलेली हिरवळही धक्का फारसा झेलत नाही. सैल वाळू किंवा लाकडाचा भुसभुशीत चुरा निदान 9 इंच खोल हवा (झोपाळ्याखाली तो पायांनी उडून नेमका तिथेच उरत नाही), नाहीतर जाड रबराचा थर. हलत्या झोपाळ्याच्या पुढून-मागून लहानग्यांना पळू देऊ नका. कपाळ फुटण्याचं ते हमखास ठिकाण. आणि सायकलचं हेल्मेट घालून घसरगुंडीवर चढवू नका. ते फटीत अडकून पट्ट्याने गळा आवळला जाऊ शकतो.