न येणाऱ्या पेशंटचा डॉक्टर

चि. डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

एमडीच्या जागेसाठी आणखी एक वर्ष न थांबता तालुक्याला दवाखाना टाकायचं ठरवलंस, हे वाचून मनापासून आनंद झाला. "नुसत्या एमबीबीएसला आजकाल विचारतो कोण" हे तुला घरात आणि बाहेर ऐकावं लागेल. वाद घालत बसू नकोस. आज मी तुला एका माणसाबद्दल लिहितो. माझ्या उमेदीच्या काळात कुणीतरी त्यांच्याबद्दल सांगायला हवं होतं असं फार वाटतं.

डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट. जन्म 1927 चा, लंडनचा. केंब्रिजला शिकले, पुढे रिचर्ड डॉल आणि आर्ची कॉक्रेन अशा दिग्गजांबरोबर साथरोगशास्त्राचं काम केलं. ती शिदोरी घेऊन कुठल्याही विद्यापीठात खुर्ची मिळाली असती. ते 1961 मध्ये साऊथ वेल्समधल्या ग्लिनकोरुग या गावी गेले. डोंगराच्या बेचक्यातलं, कोळशाच्या खाणीवर जगणारं, सुमारे 2,000 वस्तीचं गाव. पुढे खाणही बंद झाली. डॉक्टर तिथेच राहिले, पंचवीसहून जास्त वर्षं.

1971 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा एक लेख आला. त्यातलं म्हणणं असं की चांगल्या वैद्यकीय सेवेची जिथे सर्वांत जास्त गरज असते, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. आणि आरोग्यसेवा बाजाराच्या हाती जितकी जास्त जाते, तितकी ही दरी रुंदावते. 'इन्व्हर्स केअर लॉ', म्हणजे सेवेचा उलटा नियम, म्हणून तो आज जगभर शिकवला जातो. पुण्या-मुंबईत एका रस्त्यावर किती पाट्या आहेत आणि धडगाव-भामरागडला किती, एवढं पाहिलंस तरी तो कळेल.

पण हा नियम मांडून ते थांबले नाहीत, म्हणून मी त्यांना मानतो. साठच्या दशकाच्या शेवटी त्यांनी गावातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाचं ब्लडप्रेशर मोजलं. दवाखान्यात आलेल्यांचंच नाही. जो कधी फिरकलाच नाही, त्याचंसुद्धा. वाढलेल्या बीपीला बहुधा लक्षणं नसतात. धडधाकट दिसणारा खाणकामगार डॉक्टरकडे कशाला येईल? तो येईल तेव्हा पॅरालिसिस होऊन येईल. त्यांच्या पत्नी मेरी या संशोधनात बरोबरीने राबल्या. पुढे 1991 मध्ये पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशेब 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. तशाच परिस्थितीतल्या शेजारच्या गावापेक्षा ग्लिनकोरुगमध्ये पासष्टीच्या आत दगावणाऱ्यांचं प्रमाण कमी होतं.

एका पेशंटबद्दल त्यांनी लिहिलंय, ते मी अनेकदा वाचलंय. बीपी, डायबेटिस, वजन, दारू, सगळंच असलेला कामगार. पंचवीस वर्षांत त्याच्या 310 तपासण्या झाल्या, डॉक्टरांचे स्वतःचे सुमारे 41 तास गेले. सुरुवातीला समोरासमोर बसून, हळूहळू एकमेकांच्या शेजारी बसून. आणि सर्वांत समाधान कशाचं? जे घडलं नाही त्याचं. त्याला पक्षाघात झाला नाही, हार्ट अटॅक आला नाही, किडनी गेली नाही. अशा कामाचा सत्कार कोण करणार? पेशंटलाही कळत नाही की आपण कशातून वाचलो. हे तुला पचवावं लागेल.

आता तुझ्या दवाखान्याकडे येऊ. विलायतेत प्रत्येक माणसाचं नाव एका दवाखान्यात नोंदलेलं असतं, आपल्याकडे तसं नाही. पेशंट आज तुझ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे, परवा थेट मेडिकलवाल्याकडे. म्हणून यादी तुलाच करावी लागेल. घरटी एक पान ठेव. आई तापाचं बाळ घेऊन आली की तिच्या सासऱ्यांचं बीपी कधी बघितलं होतं ते विचार. आशाताईंशी ओळख वाढव. तीस वर्षांवरच्यांची माहिती त्या घरोघर जाऊन भरतात, कुणाच्या घरात काय चाललंय हे त्यांना आपल्याआधी कळतं.

बीपी बघताना घाई करू नकोस. एसटीतून उतरून तरातरा आलेल्या माणसाची बाही दंडावर करकचून वर सारायची आणि पट्टा गुंडाळायचा, हे रोज बघायला मिळतं. त्याला पाच मिनिटं टेकू दे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, उघडा हात टेबलावर छातीच्या उंचीला. थोड्या वेळाने पुन्हा मोज. त्या पाच मिनिटांतच तो सांगेल की गोळ्या मागच्या महिन्यात संपल्या, बीपी नॉर्मल आलं होतं म्हणून आणल्या नाहीत. रागावू नकोस. "एकदा सुरू झाली की कायमची चिकटते" ही भीती त्याच्या मनात पक्की बसलेली असते. ती काढायला दोन-चार खेपा लागतात.

तुझ्या भागातून ऊसतोडीला टोळ्या जातात. दिवाळीच्या आगेमागे गाडी निघण्याआधी त्यांचं पान उघड. कारखान्यावर कोपीत राहणाऱ्या बाईला दर महिन्याला तुझ्याकडे येता येणार नाही. तिला पुरेल एवढ्या गोळ्या आणि औषधांची नावं लिहिलेलं कार्ड बरोबर दे, टोळीतल्या कुणाचा तरी फोन नंबर पानावर लिहून घे.

"सलाईन लावा, सुई मारा" म्हणतील. गरज नसेल तर लावू नकोस. पहिली दोन वर्षं त्यामुळे गर्दी कमी राहील, हे धरूनच हिशेब मांड. शहरातल्या हॉस्पिटलांचे लोक पाकीट घेऊन येतील, त्यांना चहासुद्धा पाजू नकोस. कट प्रॅक्टिसमध्ये, म्हणजे पेशंट पाठवून कमिशन घेण्यात, एकदा पाय अडकला की तुझी चिठ्ठी पेशंटसाठी आहे की तुझ्यासाठी, हे तुझं तुलाच सांगता येणार नाही.

आणि लिहीत जा. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं निरीक्षण 1982 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं, ते कोकणातल्या पेशंटच्या उशाशी बसून केलेलं होतं. लहान जागी राहणाऱ्यालाच काही गोष्टी दिसतात.

ट्यूडर हार्ट 2018 मध्ये गेले. त्यांचा 1971 चा लेख सात-आठ पानांचाच आहे. झेरॉक्स सोबत पाठवतोय, दवाखान्याची वास्तुशांत होण्याआधी वाचून घे. पहिल्या तीन महिन्यांची यादी तयार झाली की रजिस्टर घेऊन एका रविवारी इकडे ये. कोणत्या घरांतून कुणीच आलेलं नाही, ते आपण बसून काढू.

तुझा,
डॉक्टरकाका