उरलेल्या साध्या दह्याचं ताक आणि कढी सोडून काय करता येईल?

घरात दोघंच, तरी दर वेळी वाटी-दोन वाटी दही उरतं, ताक आणि कढीचा आता कंटाळा आलाय, आणि आत्ता फ्रीजमध्ये पाच दिवसांचं दही पडलंय ज्यावर पाणी सुटलंय, ते टाकून द्यायचं का, असं तुम्ही विचारलंय.

टाकू नका. वर साचलेलं पिवळसर-हिरवट पाणी पाहून बरेच जण घाबरतात, पण दही बिघडलं असा त्याचा अर्थ होत नाही. दही म्हणजे दुधातल्या प्रथिनांची जाळी आणि त्या जाळीत अडकलेलं पाणी. चमच्याने खड्डा पडला, भांडं हललं की जाळी तुटते आणि पाणी बाहेर येतं. तो हिरवट रंग बी-२ जीवनसत्त्वाचा. ढवळा आणि वापरा.

आता मूळ प्रश्न. मी बरीच वर्षं उरलेलं दही बघून 'आज काय करू' असा विचार करायचो आणि शेवटी ताकच करायचो. मग लक्षात आलं की आधी बघायला हवं ते दह्याचं वय. दही लागलं म्हणजे काम संपलं असं दह्यातले जिवाणू मानत नाहीत. दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करण्याचं त्यांचं काम फ्रीजमध्येही चालूच राहतं, फक्त हळू. म्हणून दुसऱ्या दिवशीचं दही आणि सहाव्या दिवशीचं दही हे स्वयंपाकाच्या दृष्टीने दोन वेगळे पदार्थ आहेत. गोड दह्याच्या जागी आंबट दही घालून वर साखरेने चव झाकायची, हा उद्योग मी पुष्कळ केला. त्यातून काहीच धड होत नाही. आंबट दही तिथे घालावं जिथे एरवी लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर गेलं असतं.

दही अजून गोड असेल, म्हणजे दोन-तीन दिवसांच्या आतलं, तर माझं पहिलं मत चक्क्याला. चक्का म्हटलं की आपल्याला साखरच आठवते, पण खारा चक्का करून बघा. चाळणीवर स्वच्छ सुती फडकं, त्यात दही, खाली पातेलं, आणि हे सगळं फ्रीजमध्ये. नळाला पुरचुंडी टांगायची पद्धत मी सोडली, कारण गरम हवेत रात्रभरात ते इतकं आंबतं की मग पुन्हा साखरच शोधावी लागते. चार तासांत सायीसारखं घट्ट होतं, रात्रभरात पावाला लावता येईल इतकं. वजन मात्र निम्मं किंवा त्याहूनही कमी होतं, तेव्हा वाटीभर दह्याचा चक्का करायला बसू नका, किमान दोन वाट्या हव्यात. त्यात मीठ, मिरपूड, ठेचलेली लसूण, वरून थोडं तेल. आम्ही हा पावावर लावतो, उकडलेल्या बटाट्यात कालवतो, कापलेल्या काकडी-गाजराबरोबर बुडवून खातो. बाजारच्या मेयोनीजमध्ये निम्मा मिसळला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. सुपात किंवा भाजीत सायीऐवजी घालायचा तर गॅस बंद केल्यावर घाला. चार-पाच दिवस सहज टिकतो.

आंबट दह्याची खरी जागा पिठात आहे. सोडा एकटा नीट फुगवत नाही, त्याला आम्ल लागतं, आणि ते आम्ल तुमच्या फ्रीजमध्ये फुकट पडलंय. वाटीभर, म्हणजे साधारण २४० मिली, आंबट दह्याला अर्धा छोटा चमचा खायचा सोडा पुरतो. दही जेमतेम आंबट असेल तर पाव चमचाच घ्या, नाहीतर जास्तीचा सोडा तसाच उरतो आणि केकला साबणासारखी चव येते. ज्या कृतीत ताक सांगितलंय तिथे पाऊण वाटी दही आणि पाव वाटी पाणी घ्या, बिनदिक्कत चालतं. एकच पाळायचं: सोडा पडला की थांबायचं नाही. बुडबुडे लगेच निघायला लागतात. ओव्हन किंवा तवा आधी तापवा आणि मग सोडा घाला. मी एकदा पीठ तयार करून फोनवर अर्धा तास बोलत बसलो होतो, आणि त्या दिवशीचा केक विटेसारखा झाला.

सोडा नको असेल तर रवा आणि दही समसमान घेऊन वीस-पंचवीस मिनिटं झाकून ठेवा. रवा सगळं पाणी पिऊन टाकतो, मग लागेल तसं पाणी घालून पीठ सरसरीत करा, कांदा-मिरची घाला आणि तव्यावर पसरा. कणीक किंवा मैदा मळताना निम्म्या पाण्याऐवजी दही घातलं तर पोळी मऊ होते आणि तव्यावर रंगही छान येतो. पण असा गोळा दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, तो सैल पडतो आणि आंबतो.

तिसरी जागा मुरवणासाठी, म्हणजे मांस, मासळी किंवा भाजी शिजवण्याआधी मसाल्यात मुरत ठेवण्यासाठी. लिंबू फार तीव्र आम्ल आहे, मांसाचा बाहेरचा थर ते पटकन कडक करून टाकतं. दह्याचं आम्ल सौम्य, म्हणून कोंबडीचे तुकडे दह्यात रात्रभर ठेवले तरी बिघडत नाहीत. मासळीला अर्धा तास पुरे, त्यापुढे ती विरविरीत होते. पनीर, फ्लॉवर, मशरूम यांत आम्ल आत जाऊन काही मऊ करत नाही, पण दही मसाल्याला धरून ठेवतं आणि भाजताना त्याचा खरपूस थर बसतो. तव्यावर टाकण्यापूर्वी जास्तीचं दही निपटून काढा, नाहीतर तुकडे भाजण्याऐवजी पाण्यात शिजतात. कच्चं मांस ज्यात मुरलं ते दही चटणी म्हणून वाढू नका हे सांगायला नको, तरी सांगतो.

आता रश्शात दही फाटण्याबद्दल, कारण बहुतेक लोक उरलेलं दही भाजीत घालायला याच भीतीने कचरतात. तापलं की दह्यातली प्रथिनं आवळतात आणि पाणी बाहेर ढकलतात, त्या आपल्याला दिसणाऱ्या कण्या. त्यांना आवळू द्यायचं नसेल तर मध्ये काहीतरी आणून बसवायचं. पिष्ट, म्हणजे स्टार्च, हे काम उत्तम करतं. वाटीभर दह्याला एक मोठा चमचा डाळीचं पीठ किंवा एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर, थंड दह्यातच घुसळून घ्यायचं. दही फ्रीजमधून काढून थेट कढईत नाही, आधी घरच्या हवेवर येऊ द्या. मग रश्शाची एक-दोन पळ्या दह्यात घालून ते कोमट करा आणि मंद आचेवर कढईत ओता. उकळी येईपर्यंत हात थांबवू नका. एकाच दिशेने ढवळायचं हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. उलटसुलट ढवळून पाहिलं, काही फरक पडला नाही. ढवळत राहणं महत्त्वाचं. मीठ शेवटी. आणि सायीचं दही बहुतेक वेळा निभावून नेतं, सगळ्यात लवकर फाटतं ते साय काढलेल्या दुधाचं. एवढं करूनही फाटलंच तर ब्लेंडर फिरवा. चव तीच असते, फाटलं ते फक्त दिसायला.

चक्का केल्यावर खाली जे पाणी उरतं त्याचं काय, हा पुढचा प्रश्न येणारच. त्यात दुधातली साखर, क्षार आणि थोडी प्रथिनं असतात. कणीक मळायला ते पाण्याऐवजी घ्या, सुपात घाला, किंवा मीठ-जिरं घालून थंडगार प्या. फक्त डाळी-कडधान्य शिजवायला घेऊ नका. मी काटकसरीच्या भरात एकदा राजमा दह्याच्या पाण्यात शिजायला लावला. कुकरच्या शिट्ट्या मोजून मोजून थकलो, दाणे गोट्यांसारखेच. आम्लात कडधान्याची सालं आणि आतला गर लवकर मऊ होत नाही. आधी साध्या पाण्यात पूर्ण शिजवा, दही, टोमॅटो, चिंच जे काय असेल ते नंतर. हा नियम तेव्हापासून आमच्या घरात कोणी मोडत नाही.

फारच आंबट झालेलं, तोंडात घालवत नाही असं दही तांब्या-पितळेच्या भांड्यांना मीठ घालून चोळा. पाच-दहा मिनिटांत काळेपणा जातो. यातच उलट इशाराही आहे: जे आम्ल भांड्यावरचा थर विरघळवतं ते धातूही विरघळवतं, म्हणून कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात दही ठेवू नये. केसांना आणि तोंडाला दही लावा असंही बरेच जण सांगतात. लावायचं तर लावा, मला ते खाण्यातच बरं वाटतं.

काहीच करायला वेळ नसेल तर गोठवा. बर्फाच्या ट्रेत घाला, घट्ट झालं की खडे काढून पिशवीत भरा. एक खडा म्हणजे साधारण दोन मोठे चमचे, मोजायलाही सोपं. महिना-दोन महिने चांगलं राहतं. विरघळल्यावर ते कणीदार आणि पाणचट होतं, म्हणून वाटीत घेऊन खाण्याचा विचार सोडा, पण पीठ मळायला, मुरवणाला आणि फळांबरोबर मिक्सरमधून काढायला उत्तम. यातलाच एखादा खडा विरजणाला ठेवा. सगळे जिवाणू गोठून मरत नाहीत, थोडे मंदावतात इतकंच, त्यामुळे दही लागायला नेहमीपेक्षा तास-दोन तास जास्त लागतात. विरजणासाठी खडा मात्र गोड दह्याचा बाजूला काढा. आंबट विरजणाचं दही पहिल्याच दिवशी आंबटाकडे झुकतं आणि मग आठवड्याने तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचाराल.

खरंच टाकायचं कधी, तेही सांगतो. गुलाबी, हिरवा, काळा कुठलाही डाग किंवा वर केसाळ बुरशी दिसली की सगळंच टाका. वरचा थर काढून खालचं वापरणं दह्यात चालत नाही, बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. आंबट वास ठीक, पण दारूसारखा वास येत असेल, बंद डबा फुगला असेल, आतून बुडबुडे येत असतील तर यीस्ट शिरलंय. हे बहुतेक वेळा उष्ट्या किंवा ओल्या चमच्याने होतं.

तुमच्या पाच दिवसांच्या दह्यात यातलं काही नसेल तर चक्क्याच्या नादाला लागू नका, त्याची वेळ गेली. वाटीभर बाजूला काढून उद्याच्या नाश्त्याला रवा भिजवा, राहिलेलं आज रात्रीच ट्रेत ओता.