वाचकांचे प्रश्न : बोटीऐवजी विमानाने

प्रश्न : युद्धामुळे देशोधडीला लागलेल्या लोकांना धर्मसंस्था अन्नवस्त्रापलीकडे नेमकी काय मदत करू शकतात? आणि त्यामागे धर्मांतराचा हेतू नसतो, हे कशावरून मानायचे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या दोन्ही प्रश्नांसाठी इटलीतील ‘मानवतावादी मार्गिका’, म्हणजे निर्वासितांना कायदेशीर व्हिसावर सुरक्षितपणे आणण्याची योजना, हे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये इटलीच्या लांपेदूसा बेटाजवळ निर्वासितांची बोट बुडून साडेतीनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आश्रय मागण्यासाठी युरोपच्या भूमीवर पाऊल ठेवावे लागते आणि तेथवर पोहोचायला दलालाच्या बोटीखेरीज वाट नसते, ही यातली खरी मेख होती. रोममधील ‘सांत एजिदियो’ हा कॅथलिक समुदाय आणि इटलीतील प्रोटेस्टंट चर्चेस यांनी युरोपच्या व्हिसा नियमावलीतले २५ वे कलम शोधून काढले. मानवतावादी कारणास्तव एखादा देश केवळ आपल्या हद्दीपुरता व्हिसा देऊ शकतो, अशी त्यात तरतूद आहे. तिच्या आधारे डिसेंबर २०१५ मध्ये सरकारशी करार झाला आणि फेब्रुवारी २०१६ पासून लेबनॉनमधील सीरियन कुटुंबे रीतसर विमानाने रोमला उतरू लागली.

कार्यकर्ते छावण्यांत जाऊन आजारी माणसे, एकट्या स्त्रिया, लहान मुले असलेली कुटुंबे यांची यादी करतात. सरकार बोटांचे ठसे घेऊन छाननी करते. आणि विमानभाड्यापासून घर, भाषेचे वर्ग, मुलांची शाळा इथपर्यंतचा भार संस्था उचलतात. या खर्चात त्या प्रोटेस्टंट चर्चेसपैकी एक असलेल्या वाल्डेन्सियन चर्चचा वाटा मोठा आहे. इटलीत करदात्याला आयकरातील ०.८ टक्का हिस्सा कोणत्या धर्मसंस्थेला जावा हे सुचवता येते, आणि या चिमुकल्या चर्चला तो देणाऱ्यांची संख्या तिच्या सभासदांच्या कितीतरी पट आहे. कारण ती हा पैसा उपासनेवर खर्चच करत नाही.

राहिला धर्मांतराचा प्रश्न. आपली शंका अनाठायी नाही. भुकेल्याच्या हातावर भाकरीसोबत धर्मग्रंथ ठेवल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. येथे मात्र निवडीचा निकष धर्म नसून हलाखी आहे, आणि आलेल्या सीरियनांत बहुसंख्य मुस्लिम आहेत. मला खटकते ते वेगळेच. लेबनॉनमध्ये तेव्हा दहा लाखांहून अधिक सीरियन निर्वासित होते आणि पहिल्या करारात जागा होत्या १,०००. त्यामुळे छावणीत वही घेऊन बसलेल्या कार्यकर्त्याला एका आजारी मुलाचे नाव लिहिताना शेजारच्या तंबूतल्या दुसऱ्याचे वगळावे लागते.