प्लाझ्माची (रक्तातल्या द्रव भागाची) एलसी-एमएस मेथड, म्हणजे औषध वेगळं करून वस्तुमानावरून मोजायची पद्धत, तशीच उंदराच्या ट्यूमरला लावली तर चालेल का?

नाही चालणार, निदान डोळे झाकून तरी नाही. एरवी मी इथे लिहीत नाही, पण याच मुद्द्यावरून वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका लॅबमध्ये माझं सरांशी जाम वाजलं होतं.

पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध दिलेल्या उंदरांचे ट्यूमर आले होते, प्लाझ्माची मेथड व्हॅलिडेट होऊन तयार होती, औषधाच्या ८५४ च्या आयनचा २८६ चा तुकडा मोजायचा, आणि इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी प्रत्येक नमुन्यात सारखंच घालायचं औषध, डोसिटॅक्सेल. सरांचं म्हणणं, औषध तेच, मशीन तेच, प्लाझ्माच्याच कर्व्हवर (माहीत प्रमाणांवरून काढलेल्या मोजपट्टीवर) वाचून टाक, "अगं चालशे!" मी म्हटलं गाठीतले फॉस्फोलिपिड (पेशींच्या आवरणातली चरबी) औषधाचा सिग्नल दाबतील, तर म्हणे पुस्तकी बोलू नकोस. मग संध्याकाळी मशीन रिकामं झाल्यावर मी कॉलम आणि डिटेक्टरच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) लावला, सिरिंज पंपाने पॅक्लिटॅक्सेल सतत सोडत ठेवलं आणि औषध न दिलेल्या ट्यूमरचं एक्स्ट्रॅक्ट इंजेक्ट केलं. औषधाच्या सिग्नलची रेघ सपाट राहायला हवी ना? ती बरोबर पॅक्लिटॅक्सेल यायच्या वेळेला खाली बसली, आणि तिथेच १८४ चा, म्हणजे फॉस्फोलिपिडचा, डोंगर. प्लाझ्माच्या एक्स्ट्रॅक्टला तिथे जेमतेम खळगा होता. दुसऱ्या दिवशी प्रिंटआउट टेबलावर ठेवला, सर काहीच बोलले नाहीत, आणि मीटिंगमध्ये मात्र "आपण मॅट्रिक्स इफेक्ट पकडला" (म्हणजे नमुन्यातल्या इतर घटकांनी सिग्नल बदलणं). आपण!

तर तुम्ही कंट्रोल ग्रुपचे ट्यूमर फेकू नका, कर्व्ह आणि क्यूसी (माहीत प्रमाणाचे तपासणी नमुने) त्यांच्याच होमोजेनेटमध्ये, म्हणजे वाटून केलेल्या लगद्यात, करा. गाठ थंड सलाईनमध्ये धुऊन टिपून घ्या, नाहीतर वरचं रक्तच मोजत बसाल. इंटर्नल स्टँडर्ड ॲसिटोनायट्राइल घालायच्या आधी होमोजेनेटमध्ये घाला. आणि कडेचा एक तुकडा कापून पूर्ण गाठीचा आकडा म्हणून सांगू नका, मधल्या मेलेल्या भागात रक्तच नीट पोचत नाही तर औषध कुठून पोचणार. आत कुठे किती आहे तेच बघायचं असेल तर मॅल्डी इमेजिंग (कापाच्या प्रत्येक ठिकाणी लेझरने मोजून नकाशा काढणं), तो वेगळा विषय.

हां, एक सांगायचं राहिलं, ड्युटेरियमवालं (जड हायड्रोजन घातलेलं) पॅक्लिटॅक्सेल इंटर्नल स्टँडर्ड म्हणून असेल तर ते जवळजवळ औषधाबरोबरच बाहेर येतं आणि साधारण तेवढंच दबतं, त्यामुळे प्लाझ्माचा कर्व्ह कधी कधी जुळतोही, पण ते ट्यूमरमधल्या क्यूसीवर दाखवून मगच बोला. महाग पडतं म्हणून आमच्याकडे मागवलं नव्हतं. डोसिटॅक्सेल थोडं पुढेमागे येतं, ते त्याच खड्ड्यात तेवढंच पडेल हे कुठल्या हिशोबाने धरलं होतं, सर?